परीक्षेच्या आदल्या दिवशीची मेंदी

तीर्थपुरीत पाशामियाँचं गादी-रजईचं दुकान आहे. थंडी तोंडावर आली की ज्याला त्याला रजई आजच पाहिजे असते, आणि पाशामियाँ प्रत्येकाला "उद्या घेऊन जा" म्हणतात. त्यांचा उद्या कधी उजाडत नाही हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे, तरी लोक तिथंच जातात. दुकानामागे घर, आणि दोघांच्या मधे कापसाची खोली. पिंजलेल्या कापसाची पोती पार छतापर्यंत रचलेली. त्या खोलीत बाहेरचा आवाज फारसा पोचत नाही, म्हणून पाशामियाँच्या धाकट्या लेकीनं, नाजियानं, अभ्यासाला तीच खोली धरली होती.

अभ्यास साधासुधा नव्हता. बी.कॉम. झाल्यावर पोरीनं एमबीएच्या मोठ्या परीक्षेचा, कॅटचा, ध्यास घेतला होता. तिच्यात चांगले मार्क पडले की इंदूर, लखनौ अशा लांबलांबच्या कॉलेजांची दारं उघडतात म्हणे. हे खूळ तिच्या डोक्यात कुणी भरलं ते जाऊ द्या. पण बापाच्या मागं लागून लागून तिनं एक संधी पदरात पाडून घेतली होती. पाशामियाँची अट सरळ होती. एकच बार. जमलं तर जा, मी आडवा येणार नाही. नाही जमलं तर वाटूरचं स्थळ आलेलं आहे, बियाण्याचं दुकान आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, मुकाट्यानं हो म्हण. नाजिया बरं म्हणाली होती.

आणि हे सगळं जिच्या जिवावर चाललं होतं ती त्या पोरीची आई, सलमा. गोष्ट तिचीच आहे. घरातलं बोलणं दखनीतलं, पण आपण आपलं मराठीत सांगू. दुकानात बसणारी बाई ती, दोन्ही भाषा तिच्या तोंडात सारख्याच फिरायच्या.

सलमाला त्या परीक्षेतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण सराव परीक्षा असली की पहारा तिचाच. परीक्षेचे भाग तीन, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि वेळ संपली की तो भाग बंद, परत मागं फिरून बघता येत नाही. एवढं तिला पाठ झालं होतं. ती कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यात मांडीवर रजई घेऊन टाके घालत बसायची, शेजारी फोनवर गजर लावलेला. गिऱ्हाईक चुकून मागं आलं, शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, की नुसता हात हलवून त्यांना वाटेला लावायची. नवऱ्याला सुद्धा तिनं एकदोनदा असंच हाकललं होतं, आणि तो बिचारा स्वतःच्याच कापसाच्या पोत्यासाठी ताटकळत उभा राहिला होता.

पाठमोऱ्या लेकीकडे बघून तिला सगळं समजायचं. प्रश्न अवघड आला की नाजियाचा पाय हलायला लागायचा आणि सुटला की थांबायचा. दिवाळीच्या आधीपर्यंत तो पाय थांबायचा. त्यानंतर थांबेनासा झाला. सरावाला बसायच्या आधी पोरगी मोरीत जाऊन ओकून यायची, तोंड धुवायची आणि काही झालंच नाही अशी येऊन बसायची. किती मार्क पडले विचारलं तर "बरे पडले" म्हणायची, पण आईच्या तोंडाकडे बघायची नाही. रात्रीचं जेवण तसंच झाकलेलं राहायचं.

सलमा भ्याली होती, आणि तिची भीती दुहेरी होती. पोरगी नापास झाली तर मोडून पडेल, ही एक. पोरगी पास झाली तर जाईल, ही दुसरी. खरं सांगायचं तर दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती. थोरली लेक कहकशा आता लग्न होऊन सेलूला चालली होती. तिच्यामागून धाकटीही इंदूर-लखनौला गेली तर त्या घरात राहणार कोण, तर सलमा, पाशामियाँ आणि कापूस. वाटूर कसं, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. लेकीचं तोंड बघता येतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. असलं काही मनात येतं याचीच तिला शरम वाटायची आणि तरी ते यायचंच. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काय खोटं आहे का?

त्यात कहकशाच्या लग्नाची तारीख. नवरदेव दुबईला कामाला, सुट्टी मोजकी, तारीख हलवायची सोय नाही. निकाह सोमवारी, मेंदी शनिवारी, आणि मधल्या रविवारी नेमकी नाजियाची परीक्षा. पाशामियाँनी घरात बजावलं की निकाह होईस्तोवर परीक्षेचा एक शब्द बाहेर जाता कामा नये. सेलूच्या माणसांना कळलं की धाकटी बाहेरगावी शिकायला निघाली, तर ते दहा प्रश्न विचारतील, आणि वाटूरचे वीस.

हॉलतिकीट आलं तेव्हा नाजियानं सगळ्या सूचना आईला वाचून दाखवल्या होत्या. दागिने नकोत, जाड तळाचे बूट नकोत, आणि हाताला मेंदी, शाई असलं काही नको, कारण दारातच यंत्रावर बोटांचे ठसे घेतात. मेंदीचं ऐकून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शनिवारचं दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. मग सलमानंच तोड काढली, की नाजियाच्या अंगाला मेंदी सोसत नाही, पुरळ उठतं, असं सगळ्यांना सांगायचं. ही सबब सलमाची, हे विसरू नका.

शनिवारी दुपारी सेलूहून बायका मेंदी घेऊन आल्या. मेंदी नवरदेवाच्या घरून यायची रीत आहे. ताटात फुलं, मेणबत्त्या, मेंदीचे कोन, वर लाल ओढणी. पिवळ्या कपड्यातल्या कहकशाला मधे बसवलं, गाणी झाली, जेवणं झाली. नाजिया पहाटेपासून राबत होती. शेवटची ताटं उचलली आणि कुणाचं लक्ष नाही बघून ती कापसाच्या खोलीत सटकली. जाताना आईच्या कानात म्हणाली, थोडं वाचते.

तेवढ्यात विहीणबाईंनी विचारलं, धाकटी कुठं गेली, तिचे हात दिसले नाहीत. पाशामियाँची बहीण, पोरींची फुफी, तिथंच बसली होती. फुफी म्हणजे गावभरच्या लग्नांची मुकादम. ती तोंड वाकडं करून म्हणाली, तिला म्हणे मेंदी सोसत नाही. त्या "म्हणे"नं घात केला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. विहीणबाईंच्या शेजारी त्यांची मावसबहीण बसली होती, ती नेमकी वाटूरची, ज्या पोराचं स्थळ आलं होतं त्याची सख्खी चुलती. तिनं अगदी हळू, अगदी मायेनं विचारलं की पोरीच्या हाताला काही डाग वगैरे आहे का.

असला प्रश्न दुपारी निघाला की संध्याकाळपर्यंत दहा गावं फिरून येतो, आणि पोरीचे हात कितीही नितळ असोत, तो परत पुसला जात नाही. फुफीनं सलमाच्या हातात कोन कोंबला.

"भाभी, सख्ख्या बहिणीचे हात कोरे ऱ्हाणं बरं न्हाई. कोरे हात मौतीच्या घरात असतात. जा, जरा टेकव तरी."

आता तुम्ही म्हणाल, तोंड उघडून सांगून टाकायचं होतं की पोरीची उद्या परीक्षा आहे. बोलायला सोपं आहे. घरभर पाव्हण्या बायका तोंडाकडे टक लावून बसलेल्या असताना तुम्ही सांगून बघा. सलमा उठली आणि कोन घेऊन कापसाच्या खोलीत गेली.

नाजिया पोत्यांना टेकून झोपली होती. पुस्तक मांडीवरून खाली घसरलेलं. दोन्ही हात उघडे, तळवे वर. सलमा तिला उठवायलाच गेली होती. उठवून म्हणणार होती की बाई, तळव्यावर एक ठिपका लावून घे, बोटं सोडून देऊ. पण पोरगी इतक्या दिवसांनी झोपलेली दिसत होती. सलमा तिच्याजवळ बसली. तळव्यावर ठिपका लावायला काय हरकत आहे, ठसा काही तळव्याचा घेत नाहीत. तिनं ठिपका लावला. ठिपक्याचा गोल केला. मग दुसऱ्या तळव्यावर केला.

आणि मग तिचा हात थांबला नाही. आमच्याकडे मेंदी म्हणजे तळव्यावर चांद आणि बोटांची टोकं पूर्ण भरलेली. हाताला तीच सवय. करंगळी भरली, तिच्याशेजारचं बोट भरलं. विसरली म्हणावं तर ती विसरली नव्हती. प्रत्येक बोटाला तिला ठसे आठवत होते. अंगठ्यापाशी आली तेव्हा थांबली. कोन हातात तसाच धरून बसली. बाहेर बायका हसत होत्या. तिच्या डोळ्यांपुढे वाटूरची गाडी आली, सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी. मग तिनं अंगठा भरला. दुसऱ्या हाताचाही भरला.

बाहेर येऊन तिनं सांगितलं, झोपलीय, तशीच लावली. वाटूरची चुलती उठून दारातून डोकावून आली आणि हसून म्हणाली, हात किती साजरे आहेत. झालं, सगळं गोड झालं. सलमा मात्र चुलीशी जाऊन बसली. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा, चहाचं आधण उतू जात असताना, नीट समजलं. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. तळव्यावरच्या ठिपक्यावर बायकांचं भागलं असतं.

दुपार कलून असरची अजान झाली तेव्हा नाजिया बाहेर आली. मेंदी वाळून पोपडे धरले होते. हात पुढं धरूनच ती चुलीपाशी आली आणि उभी राहिली. ना ओरडली, ना रडली. नुसतं विचारलं, कुणी लावली? पोरगी भांडली असती तर सलमा कदाचित खरं बोलली असती. त्या थंड आवाजानंच तिची पाचावर धारण बसली.

"फुफीनं," ती म्हणाली. "माझं ध्यान नव्हतं, मी पाव्हण्यांचं बघून राह्यले व्हते."

फुफीचा लौकिकच असा की कुणालाही पटावं. नाजिया हात तसेच पुढं धरून माघारी वळली. सलमाला मात्र तिथून पुढं नवीनच धास्ती लागली. फुफी घरातच होती. पोरीनं जाऊन एक शब्द विचारला की संपलं. संध्याकाळपर्यंत ती दोघींच्या मधे मधे करत राहिली. फुफी नाजियाजवळ गेली की ही पळत काहीतरी मागायला जायची, कधी पातेलं, कधी सुई. फुफी वैतागून म्हणाली की या बाईला लेकीच्या लग्नानं येड लागलं.

पाव्हण्या गेल्यावर मायलेकी न्हाणीत शिरल्या आणि आतून कडी घातली. लिंबू झालं, खायचा सोडा झाला, टूथपेस्ट झाली. मेंदीचा रंग असा चढला होता की बघून सेलूच्या बायका म्हणाल्या असत्या, नशीबवान पोरगी, सासू जीव लावील. शेवटी सलमानं पाय घासायची वजरी घेतली आणि लेकीची बोटं घासायला बसली. एकेक बोट धरून घासत होती. नाजियाचा अंगठा लालभडक झाला, कातडी सोलवटली, तरी ती घासतच होती. मधेच वजरी निसटली आणि तिचंच बोट फाटलं. पाण्यात रक्त आलं ते कुणाचं, हेही आधी कळलं नाही. नाजिया म्हणाली, अम्मी, बस कर आता. पण सलमाला थांबवेना. हात थांबला की डोकं सुरू व्हायचं.

पाशामियाँना कळलं तेव्हा ते मटकन खाली बसले. फुफीला बोलवा, म्हणाले, आत्ताच्या आत्ता विचारतो. सलमानं त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. लग्नघरात तमाशा नको, पाव्हणे ऐकतील, झालं ते झालं. नवऱ्याला वाटलं, काय समजूतदार बाई आहे. त्यांनी मान हलवली आणि फुफीला बोलवायचं सोडून दिलं.

रविवारी उजाडता उजाडता मायलेकी निघाल्या. सांगायचं निमित्त, कहकशाच्या कपड्यांचं काही काम शहरातल्या शिंप्याकडे राहिलंय. पाशामियाँना लग्नघर सोडता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या जुन्या दोस्तानं, अप्पारावांनी, गाडी काढली होती. फुफी म्हणाली, मीही येते, मला बांगड्या बघायच्यात, आणि चक्क चप्पल घालून उभी राहिली. सलमाच्या तोंडचं पाणी पळालं. मग पाशामियाँ मधे पडले, की तू गेलीस तर इथला स्वयंपाक कोण बघणार, या घरात तुझ्याशिवाय पान हलतं का? फुफी खूश होऊन चप्पल काढून बसली.

अप्पाराव माणूस देवासारखा, पण तोंडाला झाकण नाही. वडीगोद्रीला हायवेला लागेपर्यंत त्यांनी एका पोराची गोष्ट सांगितली, जो असल्याच परीक्षेला मिनिटभर उशिरा पोचला आणि फाटकातून परत आला. वडीगोद्रीला टपरीवर चहा घेताना दुसऱ्याची सांगितली, ज्याचा फोटोच जुळला नाही. नाजियानं चहा तसाच ठेवला. तिचा पाय हलत होता. सलमानं अप्पारावांना डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं, ते त्यांना दिसलं नाही. गाडी संभाजीनगरच्या रस्त्याला लागली तसं त्यांनी तिसरी सुरू केली.

सलमाला रेशनचं दुकान आठवत होतं. सुईनं टोचून टोचून तिची स्वतःची बोटं घासलेली, तिचा अंगठा यंत्रावर कधी पहिल्या झटक्यात उठायचा नाही. मग दुकानदार म्हणायचा, चाची, अंगठा केसांवर घासा. केसांचं तेल लागलं की उठायचा. तिनं हे नाजियाला सांगितलं. दोनदा सांगितलं. नाजियानं मान हलवली आणि काचेतून बाहेर बघत राहिली. गाडीतच खरं सांगून टाकावं असं सलमाच्या मनात दहादा आलं. पण आत्ता सांगितलं तर पोरगी तेच डोक्यात घेऊन आत जाईल. आणि नाही सांगितलं तर हा दगड आपल्या छातीवर. तिनं दगडच ठेवून घेतला.

केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात होतं. फाटकापाशी दोरी बांधलेली, आईबापांनी दोरीच्या अलीकडे. नाजिया रांगेत गेली. फाटकाच्या गजांतून सलमाला ते टेबल दिसत होतं, त्यावरचं यंत्र दिसत होतं. पुढच्या मुली बोट ठेवत होत्या आणि जात होत्या, बोट ठेवत होत्या आणि जात होत्या. नाजियाची पाळी आली. तिनं बोट ठेवलं. टेबलावरच्या बाईनं मान हलवली. परत ठेवलं. परत मान हलली. नाजियानं ओढणी सारून अंगठा केसांवर घासला. तिसऱ्यांदाही नाही. बाईनं तिचा हात उलटा करून बघितला आणि कुणाला तरी हाक मारली. एक साहेब आले. दोघं काहीतरी बोलले. साहेब नाजियाला घेऊन डावीकडच्या एका दारानं आत गेले. बाकीच्या मुली तर उजवीकडं जात होत्या.

सलमानं फाटकावरच्या शिपायाला विचारलं, डावीकडे काय आहे. त्याला ठाऊक नव्हतं. ज्यांना परत पाठवतात ते कुठून येतात? मागच्या फाटकानं, तो म्हणाला. सलमा मागच्या फाटकाकडे पळाली. तिथं कुणी नव्हतं. मग मनात आलं की पोरगी पुढून बाहेर आली आणि आपण दिसलो नाही तर? परत पुढं आली. या फाटकावरून त्या फाटकावर ती अशी फिरत राहिली, आणि अप्पाराव गाडीतून ओरडून म्हणाले, वहिनी, बसा जरा, चक्कर येईल. मोठं फाटक बंद झालं. फोन वाजला, फुफीचा होता. तिनं उचलला नाही. परत वाजला, परत नाही.

शेवटी ती भिंतीशी बसली आणि तिनं दुवा मागायला हात वर केले. इतके दिवस ती रोज दुवा मागत होती, पण काय मागायचं तेच तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून "जे भलं असेल ते कर" एवढंच म्हणायची. आता म्हणाली, अल्ला, पोरगी आत असू दे. आत असू दे, पास होऊ दे, मग इंदूरला जाऊ दे नाहीतर लखनौला, मी तोंडातून शब्द काढणार नाही. माझ्या हातानं तिचं वाटोळं होऊ देऊ नको. कालचं फाटलेलं बोट ठणकत होतं.

वेळ संपल्यावर पुढचं फाटक उघडलं आणि पोरंपोरी बाहेर लोटली. कुणी फोनवर, कुणी हसतंय, कुणी गप्प. सलमा टाचा उंचावून बघत होती. गर्दी विरळ झाली तरी नाजिया नाही. आता मागच्या फाटकाकडे जावं म्हणून ती वळली आणि तेवढ्यात पोरगी दिसली, सगळ्यांच्या मागून, सावकाश चालत.

"व्हतीस ना आत?" सलमानं विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

आत होती. ठसा उठला नव्हता, म्हणून साहेबांनी ओळखपत्र तपासलं, फोटो काढला, एका कागदावर सही घेतली आणि बसू दिलं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण काल रक्त काढलं, असं नाजिया म्हणाली आणि किंचित हसली. सलमाला हसू आलं नाही. ती तिथंच, रस्त्याच्या कडेला, मोटारसायकली जात-येत असताना बोलून मोकळी झाली.

"फुफीनं न्हाई लावली. मी लावली. मला सगळं ठावं व्हतं, तरी लावली. तू जाशील म्हणून लावली."

नाजिया आपल्या हातांकडे बघत राहिली. सोलवटलेली बोटं, त्यांत उरलेला लाल रंग.

"माहीत हाय," ती म्हणाली. "मी जागी व्हते, अम्मी."

सलमाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती खाली बसली. नाजियाही तिच्याशेजारी टेकली. हळूहळू सांगायला लागली. शेवटच्या तीन सरावात फार वाईट मार्क पडले होते. शनिवारी पुस्तक उघडलं तर एक अक्षर डोळ्यांत शिरेना. तेवढ्यात आईची चाहूल लागली म्हणून डोळे मिटून घेतले, बोलावं लागू नये म्हणून. तळव्यावर गार लागलं तेव्हाच तिला समजलं. हात ओढून घेता आला असता. पण मनात आलं की हातच रंगले तर जावंच लागणार नाही. कुणी नापास म्हणणार नाही. मेंदीनं गेली परीक्षा, असं म्हणतील.

"तू अंगठ्यापाशी थांबलीस ना," ती म्हणाली, "तवा मला भ्याव वाटलं, की तू लावणार न्हाईस."

सलमानं विचारलं, मग आत का गेलीस? नाजियानं खांदे उडवले.

"तू फुफीचं नाव घेतलंस. तवा कळलं, तू माझ्याहून जास्त भ्यालीस. दोघी बी भ्यालो तर कसं व्हायचं?"

अप्पारावांनी हॉर्न वाजवला. संध्याकाळी पाव्हणे यायचे होते, उद्या निकाह होता, कहकशाचे हात रंगून तयार होते. सलमा उठली, कपडे झटकले. पेपर कसा गेला हे तिनं अजून विचारलं नव्हतं. गाडीचं दार उघडताना विचारलं.

"चांगला गेला," नाजिया म्हणाली आणि या वेळी सरळ आईच्या तोंडाकडे बघत म्हणाली.

सलमानं मान हलवली. ही पोरगी जाणार, हे तिला तिथंच कळून चुकलं. ती काही बोलली नाही. गाडीत चढली आणि लेकीला खिडकीजवळची जागा दिली.